शंभर पावलांचा नियम

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती, पाणवठा होता, पाणवठ्याकडे जाणाऱ्या चार वाटांचा चौक होता. सिंहमहाराज होते आणि दरवर्षी त्यांचा वाढदिवसही होता. नव्हता फक्त डिजिटल फलक. मग तोही आला.

वीज कुठून आली, असं मधेच विचारू नका. सिंहाचा वाढदिवस चालतो ना तुम्हाला? मग वीजही चालवून घ्या.

फलक लावला झिपरूशेठ नावाच्या कोल्ह्याने. चौकात, चांगला तीन हत्ती उंच. त्यावर आधी महाराजांची आयाळ फडफडायची. मग 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' अशी लाल अक्षरं नाचत यायची. मग शुभेच्छुकांची तोंडं, गोल गोल चौकटींत. दोन लांडगे, एक रानडुक्कर आणि कोपऱ्यात एक ससा. ससा जरा घाबरलेला दिसायचा, पण हसायचा.

वाढदिवस होऊन चार महिने झाले. फलक चालूच. बंद कोण करणार? जो बंद करील, त्याला महाराजांच्या दीर्घायुष्याचं काही पडलेलं नाही, असा अर्थ निघाला असता.

फलकासमोर एक जुना उंबर होता. त्याच्या ढोलीत ठकूताई पिंगळी राहायची. पिंगळा म्हणजे घुबडाचा धाकटा भाऊबंद. जीव मुठीएवढा आणि डोळे मात्र मोठ्ठाले. ठकूताईला तीन पिल्लं होती.

पिंगळ्यांचा संसार साधा असतो. अंधार पडला की बाहेर पडायचं, उंदीर धरायचा, पिल्लांना भरवायचं. पण आता अंधार पडेचना. सूर्य मावळला की फलक उजळायचा. ढोलीत घटकेत लाल, घटकेत निळं, घटकेत पिवळं. ठकूताई बाहेर आली की तिचे डोळे दिपायचे आणि समोरची फांदीही दिसायची नाही. उंदीर शहाणे. ते केव्हाच टेकडीपलीकडे राहायला गेले होते.

पिल्लं उपाशी राहू लागली. धाकट्याने तर चोच उघडायचंही सोडून दिलं. हे वाक्य मला लिहायला आवडलेलं नाही, पण झालं होतं तसंच.

ठकूताई आधी झिपरूशेठकडे गेली.

"शेठ, सूर्य मावळल्यावर तेवढा बंद ठेवा की. पोरं उपाशी आहेत माझी."

"ताई, दाराशी एवढा उजेड आलाय तुमच्या," झिपरूशेठ म्हणाला. "लोक यासाठी अर्ज करतात. आणि फलकावर महाराज आहेत. त्यांना अंधारात ठेवायचं म्हणता?"

असं ठकूताई कुठे म्हणत होती? पण ती घाबरली आणि घरी आली.

मग कुणीतरी सांगितलं, रानपंचायतीच्या कचेरीत जा. कचेरी दहा ते पाच. पिंगळ्याला ही वेळ म्हणजे तुम्हाला गाढ झोपेतून उठवून परीक्षेला बसवावं तशी. ठकूताई बिचारी डोळे किलकिले करत गेली. दारात खांबाला धडकली. पाण्याच्या माठाला साहेब समजून तिने नमस्कार केला आणि अर्धी तक्रार सांगूनही टाकली.

खरे साहेब पलीकडे बसले होते. सोंडेकर नावाचे हत्ती. फार सज्जन. कुणाचं वाईट करणं त्यांना जमायचं नाही. ते त्यांच्या हातून आपोआप व्हायचं. धाकट्याची हकीकत ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, फलकांबाबत आपल्याकडे नियमच नाहीत," ते म्हणाले. "ही फार गंभीर गोष्ट आहे. आपण नियम करू."

आणि खरंच केले. आठ दिवसांत केले. फलक फार झगमगू नये. चित्रं फार भराभर बदलू नयेत. फलक आणि घरटं यांच्यात शंभर पावलांचं अंतर असावं.

शेवटचा नियम ऐकून ठकूताई आनंदाने रडली. उंबरापासून फलक चाळीस पावलांवर होता. त्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

तपासणीला मोजणीदार आला. हा एक सरडा होता. आला तो भर दुपारी बारा वाजता. त्याने मान वाकडी करून फलकाकडे पाहिलं.

"कुठे झगमगतोय? मला तर काही दिसत नाही."

"साहेब, तुम्ही सूर्य मावळल्यावर या," ठकूताई म्हणाली.

"कचेरी पाचला सुटते बाई. सूर्य सातला मावळतो. मधल्या दोन तासांची नियमात तरतूद नाही."

त्याने वहीत लिहिलं : 'फलक सूर्यापेक्षा मंद. हरकत नाही.'

चित्रांचा वेग तपासायला कासवाला बोलावलं. कासवाने मान वर केली तेव्हा महाराजांची आयाळ होती. त्याने सावकाश मान खाली घातली, पुन्हा वर केली, तेव्हा फिरून आयाळच आली होती. चित्र बदलतच नाही, असा अभिप्राय त्याने दिला.

राहिलं अंतर. सरड्याने स्वतः मोजलं, पंचायतीच्या शिक्क्याच्या दोरीने. चाळीस पावलं भरली.

"हा नियमभंग आहे," सरडा म्हणाला.

"आहेच मुळी," ठकूताई म्हणाली. झिपरूशेठ दात कोरत उभा होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सुनावणी झाली. सोंडेकरांनी फलकाची परवानगी दाखवायला सांगितली. झिपरूशेठने कागद पुढे केला. नियम झाले त्याच सकाळी त्याने अर्ज देऊन तो घेतला होता.

"ठकूताई, आता तुमच्या ढोलीची परवानगी दाखवा."

"ढोलीची कसली परवानगी, साहेब? माझ्या आजीच्या आजीपासून राहतोय आम्ही तिथे."

"म्हणजे जुनी आहे," सोंडेकर हळहळून म्हणाले. "आणि जितकी जुनी, तितकीच अनधिकृत." त्यांनी कागद खाली ठेवला. "दोघांत शंभर पावलं हवीत, तर एकाला हलावं लागणार. फलकाला परवानगी आहे. मग नियम कुणी मोडला, तुम्हीच सांगा."

ठकूताईने डोळे किलकिले करून कागदाकडे पाहिलं.

"पण साहेब, नियम माझ्यासाठी केला होता ना?"

"तुमच्यासाठीच. म्हणून तर तो आधी तुम्हाला लावला."

सोंडेकर सज्जन, हे मी सांगितलंच आहे. त्यांनी स्वतःच्या सोंडेत तिन्ही पिल्लं जपून उचलली आणि टेकडीपलीकडे एका खडकाच्या कपारीत नेऊन ठेवली. वर पानं घातली. तिथे अंधार होता, उंदीर होते. संध्याकाळी धाकट्याने दोन उंदीर खाल्ले. मला फार बरं वाटलं, ते मी लपवत नाही. ठकूताई मात्र प्रत्येक उंदीर धरला की सवयीने उंबराकडे उडायची आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायची.

कचेरीत नोंद झाली : 'तक्रारदाराच्या घरी आता पुरेसा अंधार आहे. तक्रार निकाली.'

ठकूताई एकदा पोळली होती. या वेळी ती आधीच कचेरीत हजर झाली. खांब चुकवून गेली.

"साहेब, या कपारीची रीतसर परवानगी द्या. उद्या कुणी उठवायला नको."

"वा, वा," सोंडेकरांना खरंच आनंद झाला. "लगेच देतो. फक्त हरकती मागवणारी जाहीर सूचना आठ दिवस लावावी लागेल."

"लावते. कुठे लावू?"

"अर्जदाराच्या घरासमोरच्या डिजिटल फलकावर. नव्या नियमात तसंच आहे."

"साहेब, माझ्या घरासमोर फलक नाही."

"अरेरे," सोंडेकर म्हणाले. "मग तो आधी लावून घ्या."

ठकूताई तिथून निघाली ती सरळ झिपरूशेठच्या दाराशी गेली. शेठने तिला बसायला पाट दिला.

तात्पर्य : उजेडाचा त्रास होत असेल तर नियम मागू नये, फलक मागावा. आणि ज्यांना झाडावर राहायची हौस आहे, त्यांनी जन्माला येण्याआधी अर्ज करावा. झाडांचं काय, ती कुणाच्याही समोर येऊन उभी राहतात.