खेळाडू क्रमांक चार

मी जुगारी माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात एकदाच नशिबावर हवाला ठेवला, तो लग्नाच्या वेळी. आणि तेव्हाही (असं हिचं म्हणणं) नशीब फळफळलं ते माझं, तिचं नाही. अशा माणसाच्या टेबलावर एका सोमवारी आमच्या उपसचिव मॅडमनी फाइल ठेवली. विषय : 'राज्यातील ऑनलाइन पोकरची कायदेशीर स्थिती व भवितव्य'. मुदत : पंधरा दिवस.

कायदा विभागात मी एकवीस वर्षं टिपणं लिहितोय. भटकी कुत्री, लिफ्टचे परवाने, भाड्याच्या सायकली, काहीही द्या. जुनी फाइल काढायची, तारीख बदलायची, की झालं टिपण. पण पोकरची जुनी फाइलच नव्हती. होता तो शंभर वर्षांपूर्वीचा जुगाराचा कायदा. त्यात लिहिलं होतं, की अधिकाऱ्यानं अड्ड्यात दारातून शिरावं आणि पत्ते, चटया, दिवे जप्त करावेत. आता मोबाइलला दार कुठलं आणि चटई कुठली?

सगळं घोडं एकाच प्रश्नापाशी अडलं होतं. पोकर नशिबाचा खेळ की कौशल्याचा? नशिबाचा असेल तर तो जुगार, म्हणजे बंद. कौशल्याचा असेल तर खेळ, म्हणजे चालू.

शेजारच्या टेबलावरचे 'तूर्तास' (प्रत्येक टिपणाची सुरुवात ते याच शब्दानं करतात, म्हणून हे नाव) मला म्हणाले, "लिहून टाका, तूर्तास अभ्यास सुरू आहे. दोन वर्षं सहज निघतात."

शहाणा माणूस. पण मला दुर्बुद्धी सुचली. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात, तेव्हा आपण आधी पोकर शिकावा, असं मी ठरवलं.

"जुगार? या घरात?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"जुगार आहे की नाही, तेच तर ठरवायचंय. सरकारी काम आहे."

"मग सरकारी वेळेत करा."

पण सासूबाईंनी चष्मा वर केला. त्या आमच्याकडेच राहतात. तीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं, आणि परीक्षेत कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे त्या दारात उभ्या राहून सांगत. "बसू दे गं त्यांना," त्या म्हणाल्या. "शिकायला वयाची अट नसते. डोक्याची असते, पण बघू."

कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं मोबाइलवरून नियम वाचून दाखवले. दोन पानं हातात, पाच टेबलावर, त्यातून ज्याची पाच पानं भारी तो जिंकला. पानं भारी नसली तरी हरकत नाही. भारी असल्याचा आव आणायचा, म्हणजे बाकीचे घाबरून पानं टाकतात. याला ब्लफ म्हणतात. मला वाटलं, हे तर आपण ऑफिसात रोज करतो.

पैसे लावायचे नाहीत, यावर एकमत झालं. हिच्या शिवणाच्या डब्यातली बटणं सारखी वाटून घेतली. ज्याची बटणं संपतील त्यानं आपली एक लाडकी गोष्ट जिंकणाऱ्याला द्यायची. लेकीनं सकाळी बाथरूमचा पहिला नंबर लावला, सासूबाईंनी टीव्हीचा रिमोट, हिनं खिडकीजवळची खुर्ची. मी माझी रविवारची दुपारची झोप लावली.

ही झोप म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दोन ते पाच, पडदे ओढून, पंखा तीनवर. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस मी केवळ तिच्याच आशेवर काढतो. आणि ती जाऊ शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही (स्वप्नं पडायची ती त्याच झोपेत).

पहिल्या संध्याकाळी एक रविवार गेला. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा. आठवड्याभरात मी सात रविवार हरलो. त्यातले चार हिच्याकडे गेले, दोन सासूबाईंकडे आणि एक लेकीकडे. हिनं तिचे चारही रविवार माळा आवरण्यासाठी राखून ठेवले. अकरा वर्षं मी 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणत आलो होतो, तोच हा माळा.

"बाबा, तुम्हाला एक्का आला की तुम्ही चष्मा पुसता," लेकीनं शेवटी दया येऊन सांगितलं.

"आणि पानं वाईट असली की कान लाल होतात," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सातवी 'ब'मध्ये एक होता असाच. तीनदा बसला सातवीला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ऑनलाइन पोकर का हवा. तिथं तोंड दिसत नाही! लेकीनं चौघांच्या फोनवर एक फुकटचा खेळ घातला. ही स्वयंपाकघरात, सासूबाई आतल्या खोलीत, लेक गॅलरीत आणि मी बेडरूममध्ये, दार लावून. आता बघतोच, म्हटलं.

आणखी चार रविवार गेले.

"हे शक्यच नाही!" मी दार उघडून ओरडलो. "भिंतीपलीकडून कसं कळतं तुम्हाला?"

"पानं चांगली आली की तुम्ही आतून चहा मागता," ही कणीक मळता मळता म्हणाली. "अगदी गोड आवाजात. आणि ब्लफ करत असलात की शीळ घालता."

पण मी कायदा विभागातला माणूस. मला एक पळवाट दिसली. जुगारातलं देणं कायद्यानं वसूल करता येत नाही. पोकर नशिबाचा खेळ ठरला की तो जुगार, आणि जुगार म्हटला की माझे अकराच्या अकरा रविवार परत!

"चालेल," ही म्हणाली. "तुमचं सरकार म्हणेल ते मला मान्य. पण सरकार कौशल्य म्हणालं, तर माळा."

मग मी टिपण असं काही लिहिलं, की एकवीस वर्षांत तसं लिहिलं नव्हतं. पोकर हा निव्वळ नशिबाचा खेळ कसा, हे सात पानांत सिद्ध केलं. पुरावा म्हणून घरच्या सगळ्या डावांचा तक्ता (सवयीनं मी तो रोज लिहून ठेवलाच होता) नावं न घालता परिशिष्ट म्हणून जोडला. खेळाडू क्रमांक एक ते चार. एकूण डाव एकशे त्रेचाळीस. एका बिचाऱ्याचं नशीब किती फुटकं असू शकतं, हे सरकारला दिसावं, एवढाच हेतू.

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. तक्ता त्यांच्यासमोर होता.

"प्रत्यक्ष चाचणी घेतलीत? फारच छान. हा खेळाडू क्रमांक चार कोण?"

"एक गृहस्थ आहेत, मॅडम. सज्जन आहेत."

"एकशे त्रेचाळीस डावांत तीन जिंकले?"

"बघा ना, मॅडम. नशीब!"

"छे छे. चौघांत डोळे मिटून खेळला असता तरी तीस-पस्तीस जिंकला असता. नशीब इतकं सरळ रेषेत चालत नाही हो. इतकं सातत्यानं हरायचं म्हणजे बाकीच्या तिघांकडे जबरदस्त कौशल्य हवं, आणि याच्याकडे..." त्यांनी शब्द शोधला, मिळाला नाही, म्हणून पेन उचललं. सातही पानांतला 'नशीब' खोडून त्यांनी 'कौशल्य' लिहिलं. मग समासात भवितव्यही लिहिलं : 'खेळास नियमांसह परवानगी द्यावी. मात्र खेळाडू क्र. ४ सारख्या व्यक्तींच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम असावे.'

अशा रीतीनं राज्याच्या कायद्याच्या मसुद्यात मी जाऊन बसलो. तूर्तासांनी माझं अभिनंदन केलं. त्यांच्या उभ्या नोकरीत त्यांच्यावर एकही कलम निघालं नव्हतं.

घरी आल्यावर मी सगळं खरं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, कान लाल झालेच होते. लेक पोट धरून हसली. सासूबाईंनी 'पास' असा शेरा दिला, मॅडमना. ही मात्र हसली नाही.

"त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?" ती म्हणाली. "बावीस वर्षं रोज तुमच्याकडे बघतेय. तेवढं तरी कौशल्य यायला नको का मला?"

खरं सांगतो, अकरा रविवार गेल्याचं दुःख त्या क्षणी मी विसरलो. आपल्याकडे कोणी बावीस वर्षं इतकं नीट बघतंय, हे काही कमी आहे का? मी चष्मा पुसला. (एक्का नसताना.)

मग रविवार आला. दुपारचे दोन वाजले. मी डोक्याला फडकं बांधून, शिडी लावून तयार.

"अहो, राहू दे आज," ही म्हणाली. "दमलात आठवडाभर. जा, झोपा."

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा अगदी शांत. डोळ्यांत माया होती. पण माया ही तर समोरासमोरच्या शेवटच्या डावातही होती, आणि तेव्हा तिच्या तीन राण्या निघाल्या होत्या. मी एकवीस वर्षांचा कायद्याचा अनुभव पणाला लावला, तिचे कान बघितले, चहाचा वास येतो का बघितलं, आणि ठरवलं, की हा ब्लफ आहे.

"मी फसायचा नाही," असं म्हणून मी माळ्यावर चढलो.

तीन तास मी तिथं धूळ खात होतो. मोडके पंखे, रद्दीचे गठ्ठे, लेकीची बाबागाडी, सगळं आवरलं. पाच वाजता शिंकत शिंकत खाली उतरलो, तर बेडरूमचे पडदे ओढलेले, पंखा तीनवर, माझ्या उशाला पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला, आणि माझ्या जागेवर सासूबाई घोरत होत्या.

"मी खरंच म्हटलं होतं हो," ही म्हणाली. "तुमच्यासाठी अंथरूण घालून ठेवलं होतं. तुम्ही वर गेलात, तेव्हा आई म्हणाली, त्यांचे दोन रविवार माझ्याकडेही आहेत, त्यातला एक आता झोपूनच वसूल करते."