बातुकोळी तळ्यात पाणी आहे

नोकरीनिमित्त बंगळुरात स्थायिक झालेल्या मुलाने आपल्या आईला शहर दाखवणे हे त्याचे कर्तव्य असून ते रविवारी पार पाडायचे असते. श्रीरंग हे कर्तव्य कैक रविवार पुढे ढकलत आला होता. एका रविवारी डोकं दुखत होतं, एका रविवारी ऑफिसचं काम निघालं, आणि एका रविवारी सगळे तयार होऊन निघाले ते सर्जापूर रोडच्या पहिल्या सिग्नलला पोहोचून जेवायच्या वेळेला परत आले. शेवटी पुण्याला परतायचे दिवस जवळ आले तेव्हा तुंगाबाईंनी सुनेच्या देखत मुलाला सांगितलं,

"मला तुमचे मॉल नकोत. मला बातुकोळी केरे दाखव. ते बघितलं की मी जाते. सरी? ठरलं?"

तुंगाबाई मूळच्या बंगळूरच्याच. चिकपेटेत त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही, अशा घरात त्या वाढल्या. सुट्टी लागली की त्यांना शहराबाहेर मामाच्या मळ्यावर पाठवत. मळ्याला लागून तळं होतं. त्यात बदकं फार, म्हणून त्याचं नाव बातुकोळी केरे, म्हणजे बदकांचं तळं. खंडोजी मामांनी पाठीला वाळके भोपळे बांधून भाचीला त्या तळ्यात ढकललं आणि ती पोहायला शिकली. पुढे लग्न होऊन ती पुण्याला गेली. पुण्यातही पोहायला तलाव होता, पण तिथे वेळा ठरलेल्या होत्या, आणि घरी सासू होती. तेव्हा पोहणं जे सुटलं ते सुटलंच. आता गुडघे बोलायला लागल्यावर तुंगाबाईंची एवढीच इच्छा राहिली होती की त्या पाण्यात पाय सोडून घटकाभर बसावं.

श्रीरंगने फोनवर शोधलं आणि त्याचा चेहरा जरासा उतरला.

"आहे का?" तुंगाबाईंनी विचारलं.

"आहे. राजवाडा, बाग आणि सरोवर एकत्रित दर्शन योजना. पण आई, ते तळं बरंच चेंज झालंय म्हणे."

"मी काय तशीच राहिलेय? ओळखू एकमेकांना."

योजना 'वारसा व सरोवर दर्शन प्राधिकरणा'ची होती. नियम असा की दर्शनाची बस शहराच्या मध्यातूनच सुटणार. म्हणून श्रीरंग, त्याची बायको अंजली आणि तुंगाबाई पहाटे उठून सर्जापूर रोडवरून टॅक्सीने शहरात गेले, आणि बसमध्ये बसले तेव्हा अर्धा प्रवास झाल्यासारखे थकले होते. बसमधला दर्शन सहायक वेणुगोपाल हा जुन्या मराठी घरातला निघाला. त्याच्या पणजोबांनी तंजावरकडून येताना आणलेली मराठी त्याने जशीच्या तशी वापरात ठेवली होती, आणि जिथे ती विरली होती तिथे कन्नडची ठिगळं लावली होती.

राजवाडा पाहून झाला. म्हणजे राजवाड्याच्या आवारात कुणाचं तरी लग्न असल्याने तो बसमधूनच पाहिला, आणि मांडवामुळे त्याचा एक बुरूज दिसला. "राहिलेला राजवाडा याच्यासारखाच आहे," असं वेणुगोपालने जबाबदारीने सांगितलं. बागेत मात्र आत सोडलं. बागेत चालायची दिशा ठरलेली होती, थांबायला बंदी होती, बाकांवर बसल्याने बाक झिजतात म्हणून त्यांच्याभोवती दोरी होती. एका सुंदर गुलाबापुढे तुंगाबाई क्षणभर रेंगाळल्या तर मागून शिट्टी वाजली. तो गुलाब पुन्हा पाहायचा तर पूर्ण फेरी मारून यावं लागणार होतं.

"जाऊ दे," तुंगाबाई म्हणाल्या. "मला तळ्याशी काम आहे."

सरोवराकडे जाताना त्यांची कळी खुलली. त्यांनी वेणुगोपालला शेजारी बसवून घेतलं आणि भोपळ्यांपासून बदकांपर्यंत सगळं सांगितलं. वेणुगोपाल ऐकता ऐकता ताठ बसला.

"अक्का, तुम्ही सोता पवलात त्यात? आंगानं?"

"मग काय, पत्राने? या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

"देवासारख्या आल्यात, अक्का. प्राधिकरणाला वर्षाला एक ज्येष्ठ साक्षीदार लागतो. मागच्या वर्षीचे अज्ज वारले. तळ्याच्या काठी उभं राहून दोन शब्द बोलायचे. हां?"

तुंगाबाईंना आयुष्यात कुणी दोन शब्द बोलायला बोलावलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि हो म्हटलं. पुढच्या सीटवर श्रीरंग आणि अंजली यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही खिडकीबाहेर पाहू लागली.

खिडकीबाहेर सर्जापूर रोड होता. सकाळी सोडलेला तोच सिग्नल, तेच इडलीचं दुकान. बस एका उंच लोखंडी सज्ज्यापाशी थांबली. सज्ज्यावर पाटी होती: 'बातुकोळी सरोवर. कृपया पाणी पाहून झाल्यावर इतरांना जागा द्यावी.' सगळे जिना चढून वर गेले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. समोर इमारती होत्या. इमारतींच्या मागे इमारती, आणि त्यांच्या मधून जिथे उजेड यायचा तिथे नवी इमारत चढत होती.

"समोर बघा," वेणुगोपाल म्हणाला. "बातुकोळी सरोवर. बाराही महिने तुडुंब."

लोक पाहू लागले. नागपूरहून बहिणीकडे आलेला सुशांत नावाचा एक तरुण तेवढा म्हणाला, "कुठंय पाणी?"

वेणुगोपाल रागावला नाही. त्याने आपुलकीने विचारलं, "बहीण कोठं रहाते तुमची?"

सुशांतने व्हाइटफील्डमधल्या एका संकुलाचं नाव सांगितलं.

"हां. ते सरोवर क्रमांक चार. उद्याच्या फेरीत आहे."

सुशांतने जरा विचार केला. मग त्याने डोळ्यांवर हात धरून पुन्हा समोर पाहिलं आणि म्हणाला, "अरे हो की! काय मस्त पाणी आहे भाऊ!" आणि त्याने लगेच त्याचा फोटो काढला.

तुंगाबाईंची नजर अजून भिरभिरत होती. मामाचा मळा कुठे असेल, उतार कुठल्या अंगाला होता, याचा अंदाज घेता घेता ती एका गच्चीवजा बाल्कनीवर येऊन थबकली. तिथे काहीतरी पांढरं दिसत होतं.

"अग बाई! ते आपले सांडगे ना? सकाळीच धोतरावर घालून आले मी!"

"बदकं आहेत ती, अक्का," वेणुगोपाल हळूच म्हणाला.

"बदकं कसली? अण्णा, मी कोहळा किसलाय त्यात! श्रीरंग, ते आपलं घर आहे."

श्रीरंगने आईला हाताला धरून कठड्याच्या टोकाला नेलं.

"तुला ठाऊक होतं?" तुंगाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांनाच ठाऊक असतं, आई. ब्रोशरमध्ये लेक व्ह्यू लिहिलेलं. मी बिल्डरला विचारलं होतं, लेक कुठंय. तो म्हणाला, सर, आत उभं राहिल्यावर व्ह्यू कसा दिसेल?"

"आणि तू घेतलंस?"

"मेट्रो येणार होती ना जवळून," अंजली मध्येच म्हणाली. तिच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसं होतं.

वेणुगोपालने तुंगाबाईंना प्राधिकरणाची भूमिका समजावून सांगितली. ती अशी: तळं नाही म्हटलं तर ते गेलं कुठे हा प्रश्न येतो. गेलं कुठे हा प्रश्न आला की त्याच्या जागी काय उभं आहे ते पाहावं लागतं. पाहिलं की पाडावं लागतं. एवढ्या कुटुंबांना बेघर करण्यापेक्षा प्राधिकरणाने दयाबुद्धीने तळं आहे असं ठरवलं आहे. आता तळं आहे तर ते पाहणारे हवेत, म्हणून बस. आणि बसमधले लोक परगावचे, त्यांचं कोण ऐकतं, म्हणून एक जुना माणूस.

"कुणाला त्रास नाही यात, अक्का. तळ्यालापण नाही."

"आई, स्वल्प अॅडजस्ट कर," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी शाळेतून चिठ्ठी घरी आणायचा तेव्हासारखा झाला होता. "सगळं आयुष्य त्या फ्लॅटमध्ये घातलंय आम्ही."

तुंगाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा चाळिशीला आला होता, केस विरळ झाले होते, आणि घाबरलेला होता. खोटं बोलायची त्यांना मोठी लाज वाटत होती. पण मुलाचं घर आपल्या तोंडून जावं, हे त्यांच्याने होणार नव्हतं. त्या कठड्यापाशी गेल्या. वेणुगोपालने फोन समोर धरला.

"पाणी आहे," तुंगाबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. "पुष्कळ पाणी आहे. काठाला हिरवं आणि मध्ये काळंशार. सकाळचं गार लागतं, संध्याकाळी कोमट होतं. तळाला पाय टेकला तर बोटांमधून चिखल वर येतो, मऊ. काठावर मामा उभे आहेत. म्हणतात, तुंगे, घाबरू नको, पाणी धरतं माणसाला."

कठड्यावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, सरोवराचं इतकं जिवंत वर्णन आजवर ऐकलं नव्हतं. त्या टाळ्या तुंगाबाईंना चापटीसारख्या लागल्या.

साक्ष फारच उत्तम ठरली. प्राधिकरणाने ती सर्व खात्यांना पाठवली आणि तिला मंजुरी मिळेपर्यंत साक्षीदाराने शहर सोडू नये असं कळवलं. पुण्याचं परतीचं तिकीट रद्द झालं. श्रीरंगच्या संकुलात तुंगाबाईंचा सत्कार झाला. सचिव अभिमन्यू यांनी त्यांना शाल देऊन म्हटलं की आपल्या पायाखालची जमीन आज खऱ्या अर्थाने पक्की झाली.

मग उन्हाळा लागला आणि बोअरवेल आटली. दर उन्हाळ्यात ती आटते आणि टँकर येतो, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. यंदा टँकर आला नाही. श्रीरंग पाणीखात्यात गेला. तिथल्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पंखा लावला आणि संगणकावर पत्ता पाहिला.

"तुम्ही बातुकोळी सरोवरात राहता."

"हो, म्हणजे त्या जागेवर."

"सरोवर तुडुंब आहे. व्हिडिओ आहे आमच्याकडे. एक वृद्ध महिला फार सुंदर बोलल्यात, आमच्या मिसेस रडल्या." साहेबांनी चष्मा काढला. "भरल्या तळ्याच्या मध्यावर टँकर पाठवला तर उद्या मला लेखापरीक्षणात काय उत्तर द्यायचं? नियमाने पाहिलं तर उलट तुम्हीच आसपासच्या वस्तीला पाणी पुरवायला हवं."

आणि खरोखरच तसा आदेश निघाला. शेजारच्या वस्तीतली माणसं रिकामे हंडे घेऊन संकुलाच्या फाटकापाशी येऊन उभी राहू लागली. रखवालदार त्यांना खरं सांगू शकत नव्हता, कारण खरं सांगायला त्याला बंदी होती.

सर्वसाधारण सभा बोलावली गेली. घामट अंगाने मंडळी जमली. अभिमन्यू यांनी परिस्थिती थोडक्यात मांडली: पाणी नाही म्हटलं तर घर जातं, पाणी आहे म्हटलं तर पाणी जातं. कोपऱ्यातून तुंगाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी बदलून सांगते. मी खोटं बोलले म्हणते. मला काय करतील ते करू देत."

सभेत जो गदारोळ झाला तो पाहून श्रीरंगने आईला खाली बसवलं. ठराव मतास टाकला गेला. घर ठेवावं, असं एकमताने ठरलं. श्रीरंगनेही हात वर केला. अंजलीने तर दोन्ही केले. आंघोळ आठवड्यातून एकदा, आणि तीही ऑफिसात जिमची सोय असल्यास तिथे, हा पोटठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

पुढच्या रविवारी तुंगाबाई सकाळपासून बाल्कनीत उभ्या होत्या. समोरच्या सज्ज्यापाशी बस थांबली, माणसं जिना चढून कठड्याला आली. तुंगाबाईंनी घरातली बादली आणली, दोन्ही हातांनी वर उचलली आणि उलटी धरली. थेंब पडला नाही. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "कोरडं आहे रे, बाळांनो! एक थेंब नाही इथं! मी खोटं बोलले!"

समोरच्या माणसांनी उत्साहाने हात हलवले आणि फोटो काढले.

त्यातला एक फोटो तुमच्याही नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता. 'बंगळूरचे विलोभनीय सरोवर, रविवार सकाळ.' तुम्ही चहा पिता पिता अंगठा दिलात. मध्यावर ते काय हलतंय म्हणून मोठं करून पाहिलं नाहीत, आणि कठड्यावर उभे असतात तर विचारलंही नसतं. तुमच्या या सहकार्याबद्दल प्राधिकरण आभारी आहे. तुमच्या इमारतीखालचं सरोवरही आता यादीत घेतलं आहे. कुणी विचारलं तर तुडुंब आहे म्हणून सांगा.