पाण्यातला माणूस

समजा, बाळांनो, तुमच्याकडे एक हेर आहे. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी राहिलेली आई जशी गर्दीतून आपलंच पोर हुडकून काढते, तसा हा कुठेही लपलेला माणसाचा कण हुडकून काढतो. आता समजा, तुम्ही त्याला नुसतं स्वच्छ पाणी दाखवलंत आणि तो म्हणाला, "यात माणूस आहे." मग? हेराला खोटं ठरवाल, की पाण्याला?

चौकशीबाईच्या आईपुढे हाच पेच होता. चौकशीबाई हे काही त्या मुलीचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिवसभर प्रश्न विचारून तिनं ते कमावलं होतं. तिची आई प्रयोगशाळेत काम करायची. तिनं जिवापाड खपून एक अँटीबॉडी तयार केली होती. तोच हा हेर. आपल्या कातडीत, केसांत, नखांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. माणसाचं केराटिन दिसलं की हा हेर त्याला जाऊन चिकटायचा आणि कागदावर निळा ठिपका उमटायचा. उंदराच्या केराटिनकडे तो ढुंकूनही बघायचा नाही.

निदान बघू नये, अशी अपेक्षा होती. आईनं कागदावर तीन थेंब ठेवले: माणसाच्या कातडीचा अर्क, उंदराच्या कातडीचा अर्क आणि नुसतं पाणी. पहिला निळा झाला, दुसरा पांढरा राहिला. आणि पाणी? तेही फिकट निळं.

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, येऊन बघणार होत्या. तोवर पाणी पांढरं राहिलं नाही, तर हेर बिनकामाचा ठरणार आणि त्याच्या सगळ्या बाटल्या केराच्या डब्यात जाणार.

आईची नजर हळूहळू शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे दाढीकाका काम करत होते. त्यांची दाढी छातीपर्यंत यायची.

"ताई, माझ्या दाढीकडे का बघताय?"

"बघत नाहीये. विचार करतेय."

"मग भिंतीकडे बघून करा की."

पण दाढीला टोपी चढलीच. उशीला अभ्रा घालावा तसे काका दिसू लागले. आईनं प्रयोग पुन्हा केला. पाणी आणखी निळं झालं. मग पंखा बंद झाला, पाण्याची नवी बाटली उघडली, आणि टोपीसकट काकांची रवानगी काचेच्या दारापलीकडे झाली. पाणी गडद निळं.

शाळेला सुट्टी असल्यामुळे चौकशीबाई हे सगळं उंच स्टुलावर बसून बघत होती. कशालाही शिवायचं नाही, हात खिशात, अशी तिला ताकीद होती. तिनं मान लांब करून तिन्ही कागद पाहिले.

"आई, तू जितकी जास्त जपतेस, तितकं पाणी जास्त निळं का होतंय?"

"गप गं जरा. मला विचार करू दे."

आई विचार करू लागली. चौकशीबाई टक लावून बघत राहिली. आईचं हातमोज्यातलं बोट वर गेलं, कानामागच्या केसांत शिरलं, खसाखसा फिरलं आणि खाली येऊन त्यानंच पाण्याच्या कुपीचं झाकण उघडलं.

"विचार करताना डोकं खाजवावंच लागतं का?"

"कोण खाजवतंय? हातात हातमोजे आहेत माझ्या."

"हातमोज्यांनीच खाजवतेस."

आईनं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग कुपीकडे. काळजी वाढली की खाजवणं वाढे, आणि खाजवणं वाढलं की ठिपका गडद होई. हेर बिचारा पहिल्यापासून खरंच सांगत होता. काचेपलीकडे दाढीकाकांना ऐकू काहीच आलं नव्हतं. पण आईचा चेहरा बघून त्यांनी टोपी काढली आणि दाढीवरून सावकाश हात फिरवला.

शुक्रवारी चौकशीबाई पुन्हा स्टुलावर होती, आई हात मांडीखाली दाबून बसली आणि थेंब काकांनी टाकले. पाणी पांढरंशुभ्र राहिलं.

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग हे आधीचे तीन निळे कसे?"

"ते म्हणजे... जरासा कोंडा..."

"सांगा ना ताई," काका म्हणाले, "दाढीचा होता म्हणून."

खरी हकीगत ऐकून मोठ्या बाईंनी निळे कागदच उचलून घेतले. "अगं, एवढ्याशा कोंड्याचा माग काढला यानं? मग हे तीन आधी दाखवायचे."

"पण बाई, तो माणूस कोण आहे, हेही त्याला कळतं का?" चौकशीबाईनं विचारलं.

"छे गं. त्याला सगळी माणसं सारखीच."

"करून बघितलंय का कुणी?"

मोठ्या बाईंनी आईकडे पाहिलं. आई विचार करू लागली. मांडीखालचा हात सुटला आणि कानाकडे निघाला.

तेव्हा चौकशीबाईनं खिशातले हात बाहेर काढले. एक कोरी कुपी उचलून तिनं आईच्या कानाशी धरली, कोंडा पडताच झाकण लावलं आणि वर लिहिलं, 'आई'. मग दुसरी कुपी घेऊन ती वळली.

"दाढीकाका, जरा खाली वाका."