रघुनानांची लांब गाडी

आमच्या घरात माणसांपेक्षा चपला कमी होत्या. वडील दुसऱ्यांच्या बैलगाडीवर शेणखत वाहायचे, आई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची आणि आम्ही चौघं भावंडं अवसरी बुद्रुकच्या शाळेत अनवाणी जायचो. सातवीला मी वर्गात पहिला आलो, तेव्हा शेजारचे रघुनाना आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "पाय दे इकडं."

त्या काळी चपला आणायला पाय बाजारात जात नसे, पायाचं माप जात असे. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरायची, गाठ मारायची आणि ती सुतळी खिशात घालून पुरुषमाणसानं बाजार गाठायचा. नानांनी माझं माप तीनदा घेतलं.

"पाय ताणून धरतोस का रं? मोठी मिळावी म्हनून?"

"नाही नाना."

"मंग दर टायमाला माप येगळं का येतंय? यात काहीतरी हाय."

'यात काहीतरी हाय' हे नानांचं पालुपद. जगात कुठलीच गोष्ट दिसते तशी नसते, तिच्या मागे कोणीतरी बसलेला असतो आणि तो नानांनाच फसवायला बसलेला असतो, अशी त्यांची खात्री होती. मंचरचा बाजार आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण माझी चप्पल त्यांनी आणली ओतूरहून, दोन एसट्या बदलून. "मंचरची लोकं वळखत्यात. वळखीचाच मानूस गळा कापतो." ओतूरच्या दुकानदारानं न मागता भाव कमी केला म्हणून त्यांनी ती चप्पल वाकवून, हुंगून, पाण्यात बुडवून पाहिली. मला मिळाली तेव्हा ओलीच होती. पण ती माझी पहिली चप्पल. ती घालून मी हायस्कूलला गेलो, पुढं बी.ए. झालो, मंचरला शाळेत नोकरीला लागलो. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

नानांना मूलबाळ नाही. ते आणि सरूकाकी, दोघंच. डॉक्टरनं थर्मामीटर पुढं केला की नाना म्हणत, "आदी तुमचा ताप मोजा, मंग माझा." लग्नाची पत्रिका आली की ते पंचांग काढून तारीख आणि वार जुळतो का बघत. टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारी बाई हसली की ते बंद करत. "पाऊस येनार म्हनती आन् हसती कशापायी?"

टोमॅटोनं एक वर्ष हात दिला आणि या माणसानं गाडी घेतली. लालभडक, बुटकी, मागे पंखासारखी पट्टी लावलेली, आवाज असा की कुत्री गल्लीतून आधीच बाजूला होत. शहरातली कॉलेजची मुलं फिरवतात तसली गाडी, आणि आत पांढरी टोपी घातलेले पंचावन्न वर्षांचे नाना. मी विचारलं, "नाना, हीच का?"

"बारकी हाय. मागं कोन बसत न्हाई. आन् पळती लई. हळू चाललं की लोकं हात करत्यात."

रोज संध्याकाळी ते बॉनेटच्या फटीत कांद्याची साल अडकवून ठेवत. सकाळी साल जागेवर असली तर गाडी कोणी उघडली नाही. जागेवर नसली तर अख्ख्या आळीची चौकशी. वारा नावाची काही गोष्ट असते हे त्यांना मी बी.ए. असूनही पटवून देऊ शकलो नाही.

मग सरूकाकी पडली. कांद्याच्या चाळीपाशी पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो कायमचा. दवाखान्यातून तिला घरी आणायच्या दिवशी नाना लाल गाडी घेऊन ऐटीत गेले. पुढच्या सीटवर पाय मावेना. मागं तर शिरताच येईना. शेवटी गावातल्या सलीमभाईंचा टोमॅटोचा टेम्पो बोलावला, हौद्यात गादी टाकली आणि काकी घरी आली. पुढं टेम्पो, मागं रिकामी लाल गाडी. सलीमभाई काकीला हळू उतरवता उतरवता म्हणाले, "नाना, गाडी दारात आन् बायको टेम्पोत. काय राव!"

सगळे हसले. नानांनी टेम्पोचा हौदा आणि लाल गाडीची सीट आळीपाळीनं पाहून घेतली. त्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

काकीचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलेलं. तिचे भाऊ पुनर्वसनात लांब गेले, पण मे महिन्यात पाणी आटलं की जुन्या गावाचे दगड वर येत. काकी दर वर्षी एसटीनं जायची, पुढं पायी उतरायची आणि आपल्या घराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावून यायची. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसता उंबऱ्याचा दगड. पडल्यापासून दोन मे गेले. एसटीची पायरी तिला चढवेना, जीपमध्ये गुडघा वाकवल्याशिवाय जागा नाही. तिसरा मे लागला तसं तिनं पुन्हा सुरू केलं.

"पाऊस लागला की दगूड परत पान्याखाली जाईल. मला एकडाव न्या वो."

"त्या चिखलात काय बघायचंय?" नाना म्हणाले. "दर साली त्योच दगूड. यात काहीतरी हाय."

काकी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला नानांचा राग आला, आणि चप्पल आठवूनही तो गेला नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी लाल गाडी विकली. घेणारा नारायणगावचा एक फोटोग्राफर. त्यानं घासाघीस न करता गाडी पसंत केली, तर नानांनी किल्ली परत खिशात घातली. "ह्याला भाव जास्त वाटत न्हाई म्हंजे गाडीत आपलंच काहीतरी ऱ्हायलंय." गाद्या उचलून पाहिल्या. एक सुपारी आणि काकीच्या बांगडीचा तुकडा निघाला. तुकडा त्यांनी खिशात टाकला, सुपारी तोंडात, आणि मग किल्ली दिली.

गावाला आता चघळायला विषय मिळाला. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, नाना इलेक्शनला उभे राहतात. कोणी म्हणालं, विहिरीच्या गाळात हंडा सापडला. टपरीवाला तर छातीठोकपणे म्हणाला, "दुसरा घरोबा. बायको अंथरुणाला टेकली की मानूस गाडी बदलतो." मी त्याला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर माझाही भरवसा उडाला होता. कारण त्याच दिवशी सकाळी नाना माझ्याकडं येऊन गेले होते. "ग्रॅज्युएट, उद्या पुन्याला यायचं. साहेबलोकांची जुनी गाडी बघायची हाय. लांब, डिकीवाली. कागद तू वाचायचं. आन् काकीला बोलायचं न्हाई."

पुण्यातला एजंट गोरा, गुळगुळीत, हसरा. म्हणजे नानांच्या दृष्टीनं गुन्हा तिथंच शाबित. गाडी मात्र बघण्यासारखी होती. काळी, बोटीसारखी लांब, मागच्या काचेला पडदा, वाचायला छोटा दिवा.

"एका कंपनीच्या मोठ्या साहेबांची. त्यांची बदली झाली," एजंट म्हणाला.

"मंग साहेब बदलीला चालत गेला का?"

"नाही काका, कंपनीनं नवीन दिली."

"जुनी चांगली असताना नवीन दिली. यात काहीतरी हाय." नाना आत डोकावले. "ह्यो दिवा कशाला? जे घरी वाचता येत न्हाई, असं काय वाचत व्हता साहेब मागं बसून? आन् अत्तराचा वास येतोय. वास मारायलाच वास मारत्यात."

त्यांनी रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवलं. जिथं ठोकून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, तिथं चुंबक धरत नाही. धरलं सगळीकडं. मग त्यांनी मला चेसिस नंबर तीनदा वाचायला लावला, एकदा उलटा. आणि मग या माणसानं टोपी काढली, मागचं दार उघडलं, एका दाराला पाठ लावून सीटवर पाय लांब केले आणि नाना डोळे मिटून बसून राहिले. एजंट माझ्याकडं पाहू लागला. मी रस्त्याकडं.

बाहेर येऊन त्यांनी खिशातून सुतळी काढली. गाठ मारलेली, चांगली दोन हात लांब. एक टोक दाराशी धरलं, दुसरं सीटवरून पलीकडं नेलं. पलीकडच्या दारापर्यंत वीतभर जागा उरली. त्या दिवशी पहिल्यांदा नानांचा चेहरा सैल पडला.

"क्रेट मोजताय का नाना?" मी विचारलं. टोमॅटोचे क्रेट साहेबाच्या गाडीतून नेणार, अशी माझी अटकळ.

"तू कागद वाच."

पण परीक्षा संपली नव्हती. पिशवीतून तांब्या निघाला. तो पाण्यानं गळ्यापर्यंत भरून मागच्या सीटवर ठेवला, मला तो धरायचा नाही असं बजावलं आणि एजंटला म्हणाले, "आता चालवा. खड्ड्यातनं."

"काका, दुधाचा धंदा आहे का?"

"बोलू नका. चालवा."

दोन गतिरोधक, एक खोदलेला रस्ता, रेल्वेचा रूळ. नाना पुढच्या सीटवर उलटे गुडघे टेकून तांब्याकडं एकटक पाहत होते. पाणी हललं, काठाला आलं, चारदोन थेंब सांडलं. नानांनी सीटवरचे थेंब बोटानं टिपले. "आमच्या लाल गाडीत घरापासनं येशीपतूर तांब्या रिकामा झाला व्हता," ते स्वतःशीच म्हणाले आणि एजंटला म्हणाले, "घेतली."

काळी गाडी आळीत शिरली तेव्हा वळण घेताना दोनदा मागं-पुढं करावी लागली. अख्खी आळी जमली. नानांनी कोणाला हात लावू दिला नाही, गोठ्यापुढं गाडी उभी केली, बॉनेटच्या फटीत कांद्याची साल अडकवली आणि मंचरला काम आहे म्हणून निघून गेले. मी काकीकडं गेलो. मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचंच. घरात बायको एका दगडासाठी झुरते आणि हा गृहस्थ पडद्याच्या गाडीत मिरवणार.

काकी उठून बसली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि दाराकडं बघत हळूच म्हणाली, "बाळू, तू शिकल्याला. मला खरं सांग. मी लवकर जानार हाये का? डाक्टर काही बोलला का यास्नी?"

"काय झालं काकी?"

"परवा दुपारी मी डोळं मिटून पडले व्हते. म्हाताऱ्याला वाटलं झोपली. सुतळी घिऊन आला. कमरंपासनं टाचंपतूर माझं माप घेतलं. एकदा न्हाई, तीनदा! वर उशीची जाडी धरून गाठ मारली." तिनं चादर पायांवर ओढून घेतली. "जित्या मानसाचं माप कोन घेतं रं? तिरडी तर बांदायची न्हाई ना? यात काहीतरी हाय."

तीस वर्षांच्या संसारात नानांचं वाक्य तिच्या तोंडात कधी जाऊन बसलं, तिलाही कळलं नसेल. मी हसलो, आणि मग मला हसवेना. सुतळी, तांब्या, सीटवर पाय लांब करून डोळे मिटून बसलेले नाना. लोक चपलेसाठी पायाचं माप बाजारात नेतात. हा माणूस गाडीसाठी बायकोच्या पायाचं माप पुण्याला घेऊन गेला होता. आणि मी, बी.ए. झालेला, शेजारी उभा राहून क्रेट मोजत होतो.

संध्याकाळी नाना आले तेव्हा मी त्यांना गाठलं. "तिला सांगितलं का नाही?"

त्यांनी बॉनेटच्या फटीतली साल नीट दाबून बसवली. "दोनदा सांगितलं व्हतं, औंदा नेतो म्हनून. दोनदा टेम्पो ठरिवला, ती उठून नटून बसली, आन् गादीवर चडवताना कळ आली की परत आत. तिसऱ्यांदा गाडीत पाय मावला नसता तर?" मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "आन् गरज कळली की एजंट भाव चडवतो. तुला काय ठावं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकीला म्हणाले, "गाडी घाटाला कशी चडती ते बघायला चाललोय. मोकळीच जानार, यायचं तर ये."

काकीनं गाडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "एवढी लांब गाडी कशापायी घेतली?"

"स्वस्त मिळाली."

"तुमी? आन् स्वस्त मिळाली म्हनून घेतली?" पण ती बसली. एका दाराला उशी लावून, पाय सीटवर लांब करून. टाचेपुढं वीतभर जागा उरली. काकीनं त्या जागेत हळदकुंकवाची पिशवी ठेवली. ती पिशवी तिनं कधी भरून ठेवली होती कोण जाणे.

घोडेगाव, डिंभं, आणि मग पाणी ओसरून वर आलेला जुना रस्ता. ज्या गाडीला आळीत कोणाला हात लावू दिला नव्हता, ती नानांनी धरणाच्या तळात उतरवली. मी पुढं चालत दगड दाखवत होतो, नाना खिडकीतून डोकं काढून प्रत्येक दगडावर संशय घेत होते, आणि मागून काकी वाट सांगत होती. "हिकडं पार व्हता. आता डावीकडं. आवो डावीकडं!"

"नक्की का? यात..."

"काही न्हाई यात. माझं माहेर हाय. चला गप."

गाडी उंबऱ्यापासून दहा पावलांवर थांबली. नानांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून काकीला नेलं. तिला वाकता येईना, तेव्हा नाना खाली चिखलात बसले आणि तिनं त्यांच्या खांद्यावर भार टाकून हात खाली पोचवला. आठ दिवसांनी पाऊस लागला आणि दगड पाण्याखाली गेला.

पण त्याआधी, तिसऱ्या वर्षी का होईना, सरूकाकी आपल्या माहेरच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावून आली.