हिशेबखात्यातला गारठा

"अहो, मला गोठवून मारायचं ठरवलंय का तुम्ही?"

हिशेबखात्याच्या बाई शाल, स्वेटर आणि मफलर यांच्या आत कुठेतरी बसल्या होत्या. समोर शिडीवर त्यांचे यजमान उभे होते आणि त्यांचं डोकं छतात गेलं होतं. साऱ्या इमारतीचा गारवा या गृहस्थांच्या हाती, म्हणून लोक त्यांना वारेबुवा म्हणत.

"अगं, मी कशाला गोठवू? इथला डॅम्परच सताड उघडाय."

"मग लावा की!"

"तो माझं नाही ऐकत. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं ऐकतो."

"तुमच्याच वळणावर गेला म्हणायचा. बायको सोडून सगळ्यांचं ऐकायचं!"

देवाने वारा सगळ्यांना सारखाच दिला. पण माणसाने भिंती घातल्या, आणि मग वाटणी करायला झडपा बसवणं आलं. त्या इमारतीत खालच्या मशीनमधून गार हवा पत्र्याच्या डक्टने वर येई, आणि प्रत्येक खोलीच्या तोंडाशी एक झडप असे, तोच हा डॅम्पर. खोली तापली की थर्मोस्टॅट झडप उघडायला सांगे, गार झाली की मिटायला. मोठी गुणी व्यवस्था. फक्त हिशेबखात्यात माणसं कुडकुडत होती आणि थर्मोस्टॅट म्हणत होता, उघड, अजून उघड!

एरवी वारेबुवांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण बाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत बोलावणं आलं होतं आणि उद्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं. रोज दुपारी बाई डबा घेऊन खाली मशीनच्या खोलीत येत आणि दोघं शेजारी बसून जेवत. त्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे जेवण फार सुखाचं होई. तेवढा घास वारेबुवांच्या तोंडचा जाणार होता.

"उद्यापर्यंत गारठा गेला नाही, तर मी जाते म्हणून सांगणार," बाई शालीतून म्हणाल्या.

वारेबुवांनी थर्मोस्टॅट बदलला. झडप फिरवणारी मोटर बदलली. गारठा जसाच्या तसा. शेवटी हात टेकून त्यांनी खाली मशीनमधून येणारी हवाच जरा कोमट केली. झालं! बाई कुडकुडतच राहिल्या आणि बाकीची इमारत घामाघूम झाली. सगळ्यात भट्टी झाली ती मोठ्या साहेबांच्या खोलीची.

"वारेबुवा," साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "बायकोवर प्रेम असावं, पण सगळा गारवा तिच्याच खोलीत?"

हे बाईंच्या कानावर गेलं मात्र, त्या उसळल्या. "प्रेम? साहेबांना ऊब आणि मला बर्फ? परवा तुमच्या बहिणीला बोलले, त्याचा सूड आहे हा!"

एकाच झडपेतून एकाला प्रेम दिसत होतं, दुसऱ्याला सूड. मधल्यामध्ये वारेबुवा शिडी घेऊन वर-खाली करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न कळवताच हिशेबखात्यात शिरले. थर्मोस्टॅटजवळ भिंतीला हात लावला तर भिंत तापकरी पोराच्या कपाळासारखी कढत! त्यांनी खाली पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी एक छोटा हीटर लालबुंद होऊन बसला होता.

"हे काय?"

बाईंनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला. "जरा गार वाटलं म्हणून आणला. प्लग तिथेच होता."

"आणि मी येतो तेव्हा?"

"बंद करून कपाटात ठेवते."

"पण का?"

"का म्हणजे? वाऱ्याच्या मिस्त्रीची बायको बाजारातून हीटर आणते! लोक काय म्हणतील? आणि तुमच्या मनाला किती लागलं असतं!"

वारेबुवा मटकन शिडीच्या पायरीवर बसले. "अगं माझे आई, तू इथे हीटर लावतेस. थर्मोस्टॅटला वाटतं, खोली पेटली. तो बिचारा जीव तोडून झडप उघडतो. तुला थंडी वाजते, की तू हीटर वाढवतेस."

"म्हणजे मीच मला...?"

"आणि मला शिडीवर चढवत होतीस!"

हीटर बंद झाला. वारेबुवांनी खाली जाऊन इमारतीची हवा पूर्ववत केली. वर झडप हळूहळू मिटत आली, आणि बाई हप्त्याहप्त्याने बाहेर आल्या. आधी मफलर, मग शाल, शेवटी स्वेटर.

"चला, साहेबांना सांगून येऊ," त्या म्हणाल्या. स्वर इतका मऊ होता, की वारेबुवांना एकदम भूक लागली.

पण साहेबांची खोली अजून तशीच भट्टी! छतातून वाऱ्याची झुळूकही नाही.

"बसा. बदलीचं काय ठरलं?" साहेबांनी कपाळ पुसत विचारलं.

बाई बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या चपलेखाली पाणी आलं. पाण्याचा ओघळ पडद्यामागून येत होता. वारेबुवांनी पडदा सारला. मागे बर्फाने भरलेली बादली होती आणि टेबलफॅन त्या बर्फावरून थेट भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला गारेगार वारा घालत होता. तो बापडा खोली गोठली असं समजून झडप घट्ट मिटून बसला होता.

साहेबांचे कान लाल झाले. "तसं काही नाही हो. फार उकडायला लागलं म्हणून... तुम्ही आलात की पडदा ओढायचो. म्हटलं, दिसलं तर तुमच्या मनाला लागेल."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी कसंबसं हसू दाबलं.

"साहेब, मला बदली नको," त्या म्हणाल्या. "इतकं मन जपणारी माणसं मला दुसऱ्या शाखेत कुठे मिळणार?"

वारेबुवांनी वाकून बादली उचलली आणि कण्हत सरळ उभे राहिले.

"मन जपलंत, उपकार झाले," ते म्हणाले. "पण यापुढे थोडं लागू द्या मनाला. मनापेक्षा गुडघे जास्त दुखतात."