सडक्या पत्ताकोबीचा पूरक डोस

निर्मळ गोष्टीची दखल कुणी घेत नाही, हे शरीरशास्त्राने सिद्ध केले आहे. कार्यालयांना ते पूर्वापार ठाऊक आहे.

हिवरखेडच्या अलीकडच्या एका गावातले भाजीवाले खुशालराव यांचे तालुका आरोग्य कार्यालयाला दिलेले सात अर्ज याला साक्षी आहेत. उपकेंद्रातला लसीचा फ्रीज तीन महिने बंद होता. त्यांची दीड वर्षाची नात तीनदा डोस न घेता घरी परतली, आणि शेजारच्या आळीत डांग्या खोकला निघाला. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला. पेपरातही बातमी आली (चार ओळी, शुद्ध मराठी). अर्ज सुवाच्य आणि नम्र असल्यामुळे कार्यालयाने ते आदरपूर्वक कपाटात ठेवले.

सून दामिनी अकोल्याच्या प्रयोगशाळेत कामाला. चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मामाजी, निरा साफ माल शरीर मनावरच घेत नाई. म्हून पोरीच्या या लशीत घटसर्प-धनुर्वाताच्या साफ मालासंगं डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू रायतात. पहाऱ्यावरच्या पेशीले वाटते, घात झाला! ते जागी होते, सारा माल गिळून वर गाठीतल्या मोठ्या पेशींकडे पयते, अन् मंग अँटिबॉडी भराभर तयार होतात."

"असं हाय काय!" म्हणत खुशालरावांनी बाजारातून परत आलेल्या मालातली सर्वांत सडकी पत्ताकोबी निवडली. आठवा अर्ज ट्रेमध्ये ठेवला, कोबी खिडकीत. अर्ध्या तासात नऊ कर्मचारी जागे झाले (पैकी दोन रजेवर होते). दुर्गंधी चौकशी समिती बसली. कोबीविरुद्ध परिपत्रक निघाले. फ्रीजबद्दल कुणी ब्र काढला नाही.

दामिनीने कपाळावर हात मारला. "मामाजी, दोनी एकाच सुईत द्या लागते! एकाच पेशीनं दोनी गिळले पायजे."

नववा अर्ज कोबीच्या पानांत गुंडाळून गेला. बाबूने नाक दाबून पुडी उचलली. फेकण्याचा अधिकार फक्त साहेबांना असल्याने ती तशीच वर नेली. साहेबांनी पुरावा म्हणून ती उघडली आणि नोकरीत प्रथमच एक अर्ज शेवटपर्यंत वाचला. चौथ्या दिवशी फ्रीज सुरू झाला. नातीला सुई टोचली तेव्हा तिने भोकाड पसरले. खुशालराव तिच्याहून जास्त रडले.

लशीनंतर शरीरात होते तशी कार्यालयात स्मृतीही तयार झाली आहे. खुशालराव नुसते फाटकात दिसले, तरी बाबू उठून उभा राहतो.

वाचकांनी मात्र कार्यालयाला हसू नये. ती चार ओळींची बातमी तुमच्याही घरी आली होती. तिच्यात कोबी नव्हती. तुम्ही तिच्यावर पोहे खाल्ले.