टिपणीसांचे पाच-नऊ

टिपणीसांना तुम्ही 'नमस्कार' म्हणालात, तर ते उलट नमस्कार करत नसत. ते तुम्हाला मार्क द्यायचे. "चार-पाच," म्हणायचे आणि जिना चढू लागायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे फ्लॅटचा नंबर विचारतायत. आमच्या बिल्डिंगला सवय होती. पहिला आकडा पाचपैकी, तुम्ही बोललात ते किती कळलं त्याचा. दुसरा नवापैकी, आवाज किती जोरात पोचला त्याचा. हॅम रेडिओवाले, म्हणजे घरात लायसनचा वायरलेस सेट ठेवून अनोळखी माणसांशी गप्पा मारणारे लोक, एकमेकांना असेच मार्क देतात. फक्त ते रेडिओवर देतात. टिपणीस जिन्यात, लग्नात आणि स्मशानात द्यायचे.

स्मशानातले मी स्वतः ऐकलेत. तळमजल्यावरचे प्रधान गेले तेव्हा एका पुढाऱ्याने वीस मिनिटं श्रद्धांजली वाहिली. टिपणीस माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एक-नऊ. ताकद फुल, कळलं काही नाही." मला असं हसू फुटलं की ओढणीचा बोळा तोंडात कोंबावा लागला. प्रधानवहिनींना वाटलं मी हुंदके देतेय. ज्यांचा नवरा गेला त्या बाईने मला जवळ घेऊन थोपटलं. ती लाज मला अजून पुरतेय.

स्वतःच्या बायकोलाही त्यांनी सोडलं नाही. मालतीताई जात्याच हळू बोलणाऱ्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण चार-तीनच्या वर एकदाही नाही.

"अहो, जेवायला या."

"चार-तीन, मालू. परत सांग."

"परत नाही. आमटी निवतेय."

माझी नि त्यांची ओळख भांडणातून झाली. दादरला आमच्या गच्चीत माझा मिरच्या वाळत घालायचा कोपरा ठरलेला. त्याच्यावरून त्यांनी अँटेनाची तार नेली, तारेवर कबुतरं येऊन बसली आणि कबुतरांनी मिरच्यांची वाट लावली. मी तडक चौथ्या मजल्यावर गेले. लालबागच्या शाळेत तीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी, माइक कधी लागला नाही. टिपणीसांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाच-नऊ! बाई, खणखणीत पाच-नऊ! कित्येक वर्षांत कुणाला दिले नव्हते. तुम्ही हॅम व्हा."

आयुष्यभर मला सगळे 'हळू बोल' म्हणत आले. आई म्हणाली, सासू म्हणाली, नवरा तर जाता जाता म्हणाला. माझ्या आवाजाला कुणी पैकीच्या पैकी दिलेले पहिल्यांदाच. मी मिरच्या विसरले.

त्यांचा पहिला नियम, तीन महिने नुसतं ऐकायचं. तोंड उघडायचं नाही. शाळामास्तरणीला याहून मोठी शिक्षा नसेल! मग परीक्षा. साठी उलटल्यावर मी व्होल्ट आणि अँपिअर घोकत बसले आणि काठावर का होईना, पास झाले. मग लायसनआधीच्या पोलीस चौकशीला हवालदार आला.

"आजी, वायरलेस कशाला पायजे तुम्हाला?"

"गप्पा मारायला."

त्याने खिशातला मोबाइल काढून दाखवला. "हा हाय की."

टिपणीस माझ्या मागून ओरडले, "त्याच्यावर ओळखीच्याच माणसाशी बोलता येतं हो! त्यात काय मजा?"

रोज सकाळी सातला गिरगावापासून शीवपर्यंतचे दहा-बारा हॅम आपापल्या सेटवर हजेरी लावतात. हजेरी टिपणीस घ्यायचे. या मंडळींत एक रिवाज आहे. समोरच्याचा आवाज कसाही येवो, 'पाच-नऊ' म्हणून मोकळं व्हायचं. "पाच-नऊ येताय, फर्स्टक्लास! जरा नाव परत सांगता का?" असं कुणी म्हटलं की टिपणीसांचं टाळकं सरकायचं.

"पाचपैकी पाच कळलं, तर नाव परत कशाला विचारतोस रे? तू खोटं बोललास, तर तो बिचारा अँटेना दुरुस्त करायचाच नाही!"

माझं रेडिओवरचं पहिलं बोलणं त्यांच्याशीच व्हायचं, असं आमचं ठरलं होतं. "आणि मार्क खरे देईन हां," ते म्हणायचे. "लाड नाहीत."

लायसनची वाट बघत असतानाच त्यांचा घसा बसला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, काढे झाले. मग परळच्या हॉस्पिटलात नेलं आणि कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. मेल्या देवाला त्या माणसाकडून काढून घ्यायला दुसरं काही सापडलं नाही? मला अजून राग येतो. माझं लायसन त्यानंतर एकवीस दिवसांनी आलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावून घेतला.

डॉक्टरांनी त्यांना गळ्याला लावायचं एक यंत्र दिलं, टॉर्चएवढं. बटण दाबून ओठ हलवायचे, आवाज यंत्र काढतं. चालू मिक्सरच्या आतून कुणी बोलावं तसा. ते घेऊन टिपणीस पुन्हा सातच्या हजेरीला आले. मी खाली दुसऱ्या मजल्यावर माझ्या सेटवर ऐकत होते. ते पाच मिनिटं बोलले. एक शब्द कळला असेल तर शपथ. मग एकेक जण सुरू झाला. "पाच-नऊ, टिपणीससाहेब! अगदी पूर्वीसारखे!" "पाच-नऊ, नंबर वन!" भली माणसं हो सगळी. 

टिपणीसांनी सेट बंद केला, तो महिनाभर उघडला नाही.

मी वर जाऊन बसायचे. घरातही तेच चाललेलं. ते गळ्याला यंत्र लावून काही म्हणायचे, मालतीताई "हो हो, कळलं हो" म्हणायच्या आणि भलतंच आणून द्यायच्या. पाणी मागितलं की पेपर. ते मुकाट्याने पेपर घ्यायचे. एकदा त्यांनी वहीत लिहून माझ्यापुढे धरलं, 'सगळे पाच-नऊ देतात. म्हणजे मी गेलो. गेलेल्या माणसालाच सगळे चांगलं म्हणतात.'

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. म्हणजे मीही पाच-नऊच दिले.

आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांना ठाऊक नव्हती. नव्या स्कॅनचे कागद मालतीताईंनी एकटीने जाऊन आणले होते. कॅन्सर फुप्फुसात उतरला होता. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. "ह्यांना सगळं छान आहे म्हणून सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका हं. तुमचा आवाज मोठा आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठले आणि वर चिठ्ठी पाठवली, 'साडेसातला सेट लावा. माझं पहिलं बोलणं तुमच्याकडे बाकी आहे.' मग ड्रॉवर उघडला.

स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे लायसनवर मिळालेलं रेडिओवरचं नाव, मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नीट म्हटला आणि टिपणीसांना हाक मारली. वरून घरघर आली. बराच वेळ चालली आणि थांबली. आता मार्क द्यायची पाळी माझी. 'पाच-नऊ' अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर चहा प्यायला मोकळी झाले असते.

"टिपणीस," मी म्हटलं, "एक-नऊ. ताकद फुल, कळलं काही नाही."

 मग गिरगावातले कुणी ऐकत होते ते मध्ये पडले. "अहो मॅडम, काय हे! पेशंट माणूस आहे तो!"

"तुम्ही गप बसा!" मी म्हटलं. तेवढं त्यांना स्पष्ट कळलं असावं, कारण ते पुन्हा बोलले नाहीत.

मग पुन्हा घरघर आली. जरा सावकाश. "दोन-नऊ," मी म्हटलं. पुन्हा आली, शब्द तोडून तोडून. "दोनच. घाई करताय." असं अर्धा तास चाललं. शेवटी मला तीन शब्द लागले. वर. या. आत्ता.

मी तशीच जिना चढले. आजारी माणसाचा जीव घेतला की काय मी? दार उघडंच होतं. मालतीताई मटार सोलत बसल्या होत्या. "काय म्हणालात हो ह्यांना? मघापासून हसतायत," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी टेकले.

टिपणीसांपुढे त्यांचं लॉगबुक उघडं होतं. रेडिओवरचं प्रत्येक बोलणं ते वेळ घालून त्यात लिहायचे. शेवटची ओळ माझी होती. मला तीन-नऊ दिले होते. शेऱ्यात लिहिलं होतं, 'रडत होत्या, शब्द तुटले.' मी रडत नव्हते, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

त्यांनी यंत्र गळ्याला लावलं आणि बायकोकडे बघून काहीतरी विचारलं.

"हो हो, कळलं हो," म्हणत मालतीताई उठल्या.

"काय कळलं?" मी विचारलं. जरा जोरातच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि परत खाली बसल्या. "नाही कळलं," त्या म्हणाल्या. "मला काहीच कळत नाही हो तुमचं. दोन महिने झाले."

टिपणीस चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा विचारलं. एकेक शब्द, मध्ये थांबून. दुसऱ्यांदाही नाही कळलं. तिसऱ्यांदा आम्हा दोघींना एकदमच कळलं.

"स्कॅनमध्ये. काय. आलं?"

मालतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मेली जन्मभर नको तिथे ओरडले आणि त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. मटाराची शेंग त्यांच्या बोटांत अर्धी सोललेली तशीच राहिली होती.

"चांगलं नाही आलं हो," त्या म्हणाल्या. शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं. "फुप्फुसात गेलंय." हे तर ऐकूच आलं नाही, नुसते ओठ हलताना दिसले.

 टिपणीसांनी मान हलवली, लॉगबुक जवळ ओढलं आणि माझ्या खाली नवी ओळ घातली. वेळ, आठ वाजून दहा. नाव, मालू. आणि पुढच्या रकान्यात सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, पाच-नऊ.

तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्यात. तो नऊ चुकीचा होता. मी काही बोलले नाही.